शिफारशीतील अट आणि शिवारातील अर्थ : तरुण कृषी संशोधकांचे संवादकौशल्य

भारतात बीटी कपाशीच्या व्यापारी लागवडीस मार्च २००२ मध्ये मान्यता मिळाली. या कपाशीतील क्राय१एसी या प्रथिनामुळे बोंडअळ्यांपासून संरक्षण मिळते, हे विधान शास्त्रीय लेखनात नेहमीच काही अटींसह केले जात होते. मावा, तुडतुडे, फुलकिडे यांसारख्या रसशोषक किडींवर या प्रथिनाचा परिणाम होत नाही. पिकाचे वय वाढते तसतसे झाडातील प्रथिनाचे प्रमाण घटते. शिवाय अळीमध्ये प्रतिकारक्षमता लवकर निर्माण होऊ नये म्हणून शेताच्या कडेने बिगर-बीटी कपाशीच्या पाच ओळी किंवा एकूण क्षेत्राच्या २० टक्के क्षेत्र, यांपैकी जे अधिक असेल तेवढे, बिगर-बीटी ठेवणे आवश्यक होते. हे विधान बाजारातून, बियाण्याच्या दुकानातून आणि बांधावरच्या बोलण्यातून शेतापर्यंत पोहोचले तेव्हा ते चार शब्दांचे उरले होते : ‘बीटीवर बोंडअळी येत नाही.’

४५० ग्रॅम बीटी बियाण्याच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाण्याची पुडी मिळत असे. बहुतेक ठिकाणी ती पेरलीच गेली नाही. शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर त्यात नवल नव्हते. शेताचा पाचवा हिस्सा किडीसाठी सोडा, एवढेच त्याच्या कानावर आले होते. कशासाठी, हे आले नव्हते. कारण सांगण्यास अवघड होते असेही नाही. बीटी झाडांवर जगून-वाचून निघालेले थोडे पतंग प्रतिकारक्षम असतात. बिगर-बीटी झाडांवर वाढलेले पतंग तसे नसतात. जवळपास असे साधे पतंग पुष्कळ असले तर प्रतिकारक्षम पतंगांचे मीलन बहुधा त्यांच्याशीच होते आणि होणारी संतती बीटी झाडावर मरते. साधे पतंग नसले तर प्रतिकारक्षम पतंग आपसांत जोडी जमवतात आणि पुढच्या पिढीवर बीटीची मात्रा चालत नाही. त्या पाच ओळी पुढच्या हंगामांसाठी भरलेल्या विम्याच्या हप्त्यासारख्या होत्या. शेतकऱ्याला विमा समजतो, वाणात वाण मिसळले तर काय होते हेही समजते. परंतु त्या पुडीबरोबर हे चार-सहा वाक्यांचे स्पष्टीकरण क्वचितच पोहोचले.

गुलाबी बोंडअळी एकजनुकीय बीटीला दाद देत नाही, हे २०१० पर्यंत गुजरातमधून स्पष्ट झाले. क्राय२एबी हे दुसरे प्रथिन असलेली कपाशी २००६ पासून उपलब्ध होती; २०१५ च्या हंगामात गुजरातमध्ये आणि २०१७ मध्ये महाराष्ट्रात त्या कपाशीचीही बोंडे किडली. या घसरणीचा सगळा दोष संवादावर टाकणे अन्यायाचे होईल. दीर्घ मुदतीचे संकरित वाण, फेब्रुवारी-मार्चपर्यंत लांबवलेली फरदड, शेताच्या कडेला साठवलेली पऱ्हाटी, जिनिंग कारखान्यांच्या आवारातील किडका कापूस अशी कारणे पुष्कळ होती. तरीही एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. या प्रत्येक कारणाविषयी संशोधकांना माहिती होती आणि ती लिहिलेलीही होती. मात्र ती ज्या रूपात होती त्या रूपात शेतकऱ्याला तिचा उपयोग करता येत नव्हता.

पीएच.डी. पूर्ण करून नुकत्याच सेवेत आलेल्या संशोधकाला संवादकौशल्य शिकवायचे म्हणजे नेमके काय शिकवायचे, या प्रश्नाचे उत्तर या उदाहरणात आहे. ‘सोपे बोला, थोडक्यात बोला’ एवढा उपदेश पुरेसा नाही. ‘बीटीवर बोंडअळी येत नाही’ हे वाक्य अत्यंत सोपे आणि अत्यंत थोडके होते.

वाक्य लहान करणे आणि वाक्य कापणे

कोणत्याही शिफारशीत काही शब्द असे असतात की ते गाळले तर वाक्य सुटसुटीत होते, आणि काही असे की ते गाळले तर शेतकऱ्याचा पैसा बुडतो. दोन्ही प्रकारचे शब्द वेगळे ओळखणे हे पहिले कौशल्य. प्रबंध लिहिताना या निवडीची सवय लागत नाही, कारण प्रबंधात सर्वच शब्द ठेवायचे असतात. यादृच्छिक गट रचना, पुनरावृत्तींची संख्या, क्रांतिक फरक हे सारे परीक्षकासाठी आवश्यक असते. शेतकऱ्यासाठी ते गाळले तरी चालते. परंतु प्रयोग ओलिताखाली झाला की कोरडवाहू, भारी काळ्या जमिनीत की मुरमाड जमिनीत, एका हंगामाचा की तीन हंगामांचा, हे गाळून चालत नाही. विचित्र गोष्ट अशी की संशोधन निबंधाच्या सारांशात बहुधा पहिल्या प्रकारचे शब्द टिकतात, तर दुसऱ्या प्रकारचे आत ‘साहित्य आणि पद्धती’ या भागात लपलेले असतात. मग बातमी सारांशावरून तयार होते, घडीपत्रिका बातमीवरून, आणि मोबाइलवरचा संदेश घडीपत्रिकेवरून. अट पहिल्याच पायरीवर गळालेली असते. पुढच्या कोणाला तिची चाहूलही लागत नाही.

यावर एक साधा उपाय आहे आणि तो विस्तार कार्यकर्त्यांच्या हातात आहे. नवी शिफारस घेऊन आलेल्या तरुण शास्त्रज्ञाला पहिला प्रश्न ‘हे किती फायद्याचे आहे?’ असा विचारण्याऐवजी ‘हे कोठे चालणार नाही?’ असा विचारावा. ज्याने प्रयोग स्वतः केला आहे त्याच्याकडे या प्रश्नाचे उत्तर तयार असते. फक्त ते कोणी विचारलेले नसते. चुनखडीयुक्त जमिनीत चालणार नाही, पेरणी जुलैच्या पुढे गेली तर चालणार नाही, पाण्याची एक पाळी हातात नसेल तर चालणार नाही, अशी उत्तरे मिळू लागली की शिफारस खऱ्या अर्थाने पूर्ण होते.

आकडे : वीस बोंडांतील दोन

किडीच्या आर्थिक नुकसानीची पातळी ही संकल्पना कीटकशास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षापासून ठाऊक असते. गुलाबी बोंडअळीसाठी ती अशी सांगितली जाते : कामगंध सापळ्यात प्रति सापळा प्रति रात्र आठ पतंग सलग तीन रात्री, किंवा १० टक्के फुले अथवा बोंडे प्रादुर्भावग्रस्त. यातील ‘१० टक्के’ हा शब्द सभेत उच्चारला की माना डोलतात, परंतु शेतात गेल्यावर काय मोजायचे हे कोणालाच कळत नाही. हीच गोष्ट ‘एका एकरातून फिरत फिरत वीस हिरवी बोंडे तोडा, ती फोडून पाहा, दोन बोंडांत अळी दिसली तर फवारणीची वेळ आली’ अशी सांगितली तर शेतकरी त्याच दिवशी संध्याकाळी मोजून येतो. गणित तेच आहे. एका सांगण्यात आकडा आहे आणि दुसऱ्यात काम आहे.

फोडून पाहण्याचे कारणही येथेच सांगावे लागते. गुलाबी बोंडअळी बोंडात शिरल्यावर तिने केलेले छिद्र बुजते आणि बोंड बाहेरून निरोगी दिसते. हे न सांगितल्यास शेतकरी वीस बोंडे वरवर पाहून ‘काही नाही’ म्हणून परत येईल, आणि त्याचे निरीक्षण चुकीचे होते असे मागाहून म्हटले जाईल.

टक्क्यांचा घोळ औषधांच्या बाबतीत अधिक महागात पडतो. ‘५ टक्के निंबोळी अर्क’ म्हणजे पाच किलो निंबोळीची पूड भिजवून, गाळून तयार केलेले शंभर लिटर द्रावण. दुकानातील तयार कडुनिंबयुक्त औषधाच्या बाटलीवर मात्र १,५०० पीपीएम किंवा १०,००० पीपीएम असे आकडे असतात. हे आकडे अ‍ॅझाडिरॅक्टिन या घटकाचे असून दुसऱ्या बाटलीत तो पहिलीच्या सहापटींहून अधिक असतो. ‘निंबोळी अर्क फवारावा’ एवढीच सूचना दिली तर घरी तयार केलेला अर्क, पहिली बाटली आणि दुसरी बाटली ही तिन्ही एकाच मापाने पंपात पडतात. तरुण संशोधकाने सभेपूर्वी तालुक्याच्या ठिकाणच्या कृषी सेवा केंद्रात जाऊन फळीवर कोणत्या बाटल्या आहेत हे पाहून यावे. या अर्ध्या तासाइतकी उपयुक्त पूर्वतयारी दुसरी नाही. शिफारस प्रति हेक्टर सक्रिय घटकात असते, बाटली मिलिलिटरमध्ये असते, शेतकरी पंपात मोजतो, आणि पंप कोठे पंधरा लिटरचा तर कोठे वीस लिटरचा असतो. हा हिशेब संशोधकाने केला नाही तर तो दुकानदार करतो.

वाढीच्या टक्क्यांविषयीही सावध असावे. ‘उत्पादनात २० टक्के वाढ’ हे ऐकायला चांगले वाटते. समजा एकरी पाच क्विंटलचे सहा क्विंटल झाले. त्या एका क्विंटलसाठी वाढीव खर्च किती, मजूर किती, आणि पाऊस कमी झालेल्या वर्षी काय झाले, हे शेतकऱ्याचे पुढचे प्रश्न असतात. प्रयोगाच्या तक्त्यात सरासरी असते. कर्ज काढून पेरणी करणाऱ्याला सरासरीपेक्षा सर्वांत वाईट हंगामाचा आकडा अधिक महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचे हे वाटणे पूर्णपणे तर्कशुद्ध आहे. तीन हंगामांपैकी वाईट हंगामातील आकडा स्वतःहून सांगणाऱ्या संशोधकावर शेतकऱ्यांचा विश्वास बसतो, असा अनेक अनुभवी विस्तार कार्यकर्त्यांचा निर्वाळा आहे. येथे आणखी एक शब्द जपून वापरावा. ‘लक्षणीय फरक’ याचा सांख्यिकीतील अर्थ एवढाच की दिसलेला फरक निव्वळ योगायोगाचा असण्याची शक्यता कमी आहे. तो फरक खर्च भरून काढण्याइतका मोठा आहे, असा त्याचा अर्थ नाही. शेतकरी मात्र ‘लक्षणीय’ म्हणजे ‘भरघोस’ असेच समजतो. मराठीत या शब्दाचा अर्थच तसा आहे.

एक नाव, अनेक रोग

भाषेची अडचण म्हणजे केवळ इंग्रजी संज्ञांची अडचण, असा समज आहे. प्रत्यक्षात ओळखीचे मराठी शब्दच कधी कधी अधिक फसवतात. भातावरील ‘करपा’ हा बुरशीमुळे होणारा रोग आहे, तर ‘कडा करपा’ जिवाणूमुळे होतो. कांद्यावरही करपा असतो, टोमॅटोवरही असतो, आणि प्रत्येकाचे कारण वेगळे. ‘करप्यावर अमुक बुरशीनाशक’ एवढे ऐकून गेलेला शेतकरी कडा करप्यावर तेच फवारतो. पैसे जातात आणि रोग तसाच राहतो. यासाठी रोगाचे नाव सांगण्याआधी लक्षण सांगावे, शक्य असेल तर रोगट पानच सभेत आणावे. पानाच्या मध्यभागी दोन्ही टोकांना निमुळते डाग आणि पानाच्या कडेने टोकाकडून खाली सरकत जाणारा पिवळट-पांढरा पट्टा यांतील फरक दोन पाने शेजारी धरली की क्षणात दिसतो.

‘रोगप्रतिकारक वाण’ हा असाच एक शब्द. पैदासकाराच्या भाषेत प्रतिकारक, मध्यम प्रतिकारक, सहनशील, संवेदनशील अशा पायऱ्या आहेत, आणि प्रत्येक पायरी विशिष्ट रोगापुरती, कधी कधी त्या रोगाच्या विशिष्ट प्रजातीपुरती असते. सहनशील वाणावर रोग येतो. फक्त उत्पादनातील घट कमी असते. शेतकऱ्याने पहिला डाग पाहताच ‘बियाणे बोगस निघाले’ असे म्हटले, तर त्याला शब्दाचा चुकीचा अर्थ कोणी दिला हे आधी तपासावे लागते.

हवामानाच्या सल्ल्यात तर ‘तुरळक’ या एका शब्दाने मोठी गल्लत होते. ग्रामीण कृषी मौसम सेवेची पत्रके दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतात, आणि त्यांत ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ हा प्रयोग वारंवार येतो. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या परिभाषेत त्याचा अर्थ त्या विभागातील २५ टक्के किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस, असा आहे. पाऊस किती पडेल याच्याशी त्या शब्दाचा संबंध नाही. म्हणूनच ‘तुरळक ठिकाणी मुसळधार’ हे वाक्य संभवते. ऐकणारा मात्र ‘तुरळक’ म्हणजे हलका शिडकावा असे धरून काढलेले सोयाबीन शेतात पसरून ठेवतो. कृषी-हवामान विषयात काम करणाऱ्या नवोदित संशोधकाने पत्रकाखाली एक ओळ जोडली, की हा शब्द किती गावांत पाऊस पडेल ते सांगतो, किती पडेल ते नव्हे, तर एखाद्या गावाचे नुकसान टळू शकते.

देशपातळीवर या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. कृषी संशोधन सेवेत निवड अखिल भारतीय परीक्षेतून होते. मराठवाड्यातील पदवीधर पंजाबात किंवा आसामात रुजू होतो, तामिळनाडूतील कीटकशास्त्रज्ञ नागपुरात कापसावर काम करतो. हैदराबाद येथील राष्ट्रीय कृषी संशोधन व्यवस्थापन अकादमीत नव्या शास्त्रज्ञांसाठी जो पायाभूत अभ्यासक्रम असतो, त्यात गावात राहून क्षेत्र-अनुभव घेण्याचा भाग समाविष्ट आहे : गावाचा नकाशा गावकऱ्यांकडून काढून घेणे, हंगामाची दिनदर्शिका बनवणे, शिवारातून आडवे चालत जाऊन जमिनीचे प्रकार पाहणे. या काळात भाषा फारशी येत नसणे हा काही बाबतींत फायदाच ठरतो. ज्याला भाषा येत नाही तो प्रश्न विचारतो आणि ऐकतो. ज्याला येते तो लगेच व्याख्यान देऊ लागतो.

पुण्याचा १९५६ चा प्रयोग

ऐकून घेण्याचे महत्त्व हा केवळ सौजन्याचा भाग नाही, याचा भारतातील सर्वांत जुना आणि अजूनही पुरेसा न वापरलेला पुरावा महाराष्ट्रातील आहे. १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून शेतकऱ्यांसाठी वीस कार्यक्रमांची मालिका प्रसारित झाली. तत्कालीन मुंबई राज्यातील मराठी भाषक अशा पाच जिल्ह्यांत, सुमारे दीडशे गावांत, श्रोतृमंडळे स्थापन करण्यात आली. प्रत्येक मंडळात साधारण वीस गावकरी असत. आठवड्यातून दोन वेळा अर्ध्या तासाचा कार्यक्रम एकत्र बसून ऐकायचा, तो संपल्यावर त्यावर चर्चा करायची, आणि प्रश्न व अभिप्राय केंद्राकडे पाठवायचे. त्या प्रश्नांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमांत दिली जात.

या प्रयोगाचे मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेच्या माध्यमातून समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ यांनी केले. त्यांनी तीन प्रकारच्या गावांची तुलना केली : श्रोतृमंडळ असलेली गावे, रेडिओ असूनही मंडळ नसलेली गावे, आणि रेडिओही नसलेली गावे. मंडळांच्या गावांत विषयांविषयीची माहिती ठळकपणे वाढली. मंडळ नसलेल्या गावांत, रेडिओ असो वा नसो, वाढ थोडीच दिसली. म्हणजे तेच शब्द, तोच आवाज, तोच रेडिओ. फरक पडला तो ऐकल्यानंतर एकत्र बसून बोलण्याने आणि प्रश्न परत पाठवण्याने. १९५९ मध्ये श्रोतृमंडळांची योजना देशभर नेण्यात आली, परंतु परतीच्या प्रश्नांची ती काटेकोर व्यवस्था एवढ्या विस्तारात टिकवणे कठीण गेले.

आजच्या मोबाइल गटांकडे या तीन प्रकारच्या गावांच्या नजरेने पाहावे. ज्या गटात फक्त संस्था संदेश टाकू शकते आणि शेतकरी केवळ वाचू शकतो, तो गट म्हणजे रेडिओ असलेले, मंडळ नसलेले गाव. सदस्यसंख्या हजारात असली तरी त्यात फरक पडत नाही.

संशोधकांना संवादासाठी प्रोत्साहन देणारे काही उपक्रम अलीकडच्या काळात सुरू झाले आहेत. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या ‘अवसर’ या २०१८ मधील उपक्रमात पीएच.डी. विद्यार्थी आणि पीएच.डी.-उत्तर संशोधक यांनी आपल्या संशोधनावर सर्वसामान्यांना समजेल असा लेख लिहावा, अशी अपेक्षा ठेवली गेली. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाने २००८ मध्ये सुरू केलेली ‘तीन मिनिटांत प्रबंध’ ही स्पर्धा भारतातील विद्यापीठांतही घेतली जाते. एक स्थिर चित्रपट्टी आणि तीन मिनिटे, एवढीच सवलत असते. दोन्ही उपक्रम चांगले आहेत, विशेषतः अनावश्यक शब्द गाळण्याचा सराव त्यांतून होतो. परंतु दोन्हींत प्रश्न परत येण्याची सोय मर्यादित आहे. परीक्षक टाळी देतो; ‘माझ्याकडे विहिरीचे पाणी जानेवारीपर्यंतच पुरते, मग मी काय करू?’ असे तो विचारत नाही. कृषी पदवीच्या अंतिम वर्षातील ग्रामीण कृषी कार्यानुभवाचे महिने या दृष्टीने अधिक मोलाचे आहेत, आणि ते हजेरीपुरते उरकले जातात ही खेदाची बाब आहे.

शिफारस अमलात आणणारे हात

२०१७ च्या पावसाळ्याअखेर यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेत वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. माणसाच्या उंचीपेक्षा वाढलेली दाट कपाशी, दमट हवा, एकमेकांत मिसळलेली औषधे, संरक्षक साधनांचा अभाव अशी अनेक कारणे चर्चेत आली. संवादाच्या दृष्टीने त्यातील एक गोष्ट अस्वस्थ करणारी आहे. सभेला शेताचा मालक येतो, घडीपत्रिका त्याच्या हाती जाते, मोबाइलवरचा संदेश त्याला मिळतो. पाठीवर पंप घेऊन कपाशीत शिरतो तो बहुधा मजूर. शिफारस ज्याने ऐकली तो आणि ज्याच्या अंगावर औषध उडते तो, हे दोघे वेगळे असतात. महिला मजुरांच्या बाबतीत हे अंतर आणखी वाढते. द्रावणासाठी पाणी वाहून आणणे, ते ढवळणे ही कामे अनेक ठिकाणी त्याच करतात, पण दुपारच्या सभेत त्या नसतात.

कीटकनाशकाच्या वेष्टनावरील रंगीत चौकोनातील त्रिकोण विषारीपणा दर्शवतो : लाल अत्यंत विषारी, पिवळा अतिविषारी, निळा मध्यम आणि हिरवा किंचित विषारी. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे. वाचता न येणाऱ्यालाही कळावे म्हणूनच ही रंगखूण आहे. पण हिरवा रंग पाहिला की ‘हे सेंद्रिय असेल’ असे कोणाला वाटले तर त्याला दोष देता येत नाही. कीडनियंत्रणावर बोलणाऱ्या तरुण संशोधकाने एक रिकामी, स्वच्छ केलेली बाटली हातात धरून हे चार रंग दाखवावेत, आणि सभा मजुरीची वेळ संपल्यानंतर, मजूर ज्या वस्तीत राहतात तेथे घ्यावी. कार्यक्रमाचे छायाचित्र कदाचित तेवढे चांगले येणार नाही.

संदेश कसा लिहावा, हे अखेर एका नमुन्यावरूनच नीट कळते. गुलाबी बोंडअळीविषयीचा पुढील मजकूर मोबाइलच्या एका पडद्यावर मावतो :

‘कपाशी. बोंडे धरण्याची अवस्था. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यासाठी, विदर्भातील शेतकऱ्यांकरिता. एकरी दोन कामगंध सापळे लावा आणि रोज सकाळी पतंग मोजा. सलग तीन रात्री एका सापळ्यात रोज आठ किंवा अधिक पतंग आले, किंवा शेतात फिरून तोडलेल्या वीस हिरव्या बोंडांपैकी दोन बोंडांत अळी निघाली, तरच फवारणी करा. यापेक्षा कमी असेल तर फवारणीचा खर्च करू नका. आठवड्याने पुन्हा वीस बोंडे फोडून पाहा. बोंडे फोडूनच पाहा, बाहेरून कीड दिसत नाही. डोमकळ्या तोडून नष्ट करा. कोणते औषध, किती, हे विचारण्यासाठी आपल्या पंपाचे माप सांगा.’

या मजकुरात क्राय प्रथिनाचा उल्लेख नाही, प्रयोगाचा नाही, संस्थेच्या कामगिरीचाही नाही. पीक, अवस्था, काळ आणि प्रदेश पहिल्याच ओळीत आहेत, कारण संदेश एका गटातून दुसऱ्या गटात जाताना वरची तारीख गळून पडते आणि तोच मजकूर पुढच्या वर्षी जुलैत, दुसऱ्याच राज्यात, ताजा म्हणून फिरू लागतो. मधल्या काळात एखादे कीटकनाशक त्या पिकासाठी बंदही झालेले असू शकते. फवारणी केव्हा करू नये हे त्यात स्पष्ट लिहिले आहे. शेवटच्या वाक्यात उत्तर मागितले आहे. त्यामुळे संदेश पाठवणाऱ्याला निदान दोन दिवस फोन उचलावा लागेल, आणि हे काम संशोधकाने स्वतः करावे, कार्यालयातील दुसऱ्या कोणावर सोपवू नये.

असा मजकूर पाठवण्यापूर्वी तो दोन शेतकऱ्यांना आणि एका मजुराला वाचून दाखवावा आणि मग एवढेच विचारावे : ‘आता उद्या सकाळी तुम्ही काय कराल?’ ‘समजले का?’ या प्रश्नाला सभेत नेहमी ‘हो’ असेच उत्तर येते, पाहुण्याचा मान राखण्यासाठी. उद्या सकाळी काय कराल, या प्रश्नाला उत्तर देताना मात्र एखादा म्हणेल, ‘सापळा लावतो, म्हणजे पतंग मरतील आणि फवारावे लागणार नाही.’ एकरी दोन सापळे हे केवळ पाहणीसाठी आहेत, कीड संपवण्यासाठी नाहीत, ही ओळ मजकुरात राहून गेली होती, हे त्या उत्तरातून कळते. ती तेथेच वाढवावी आणि मग संदेश पाठवावा.